गंगावन

कापूस संपून जीन बंद पडलं आणि कामाच्या बाया आपापल्या गावी पांगल्या, की सेलूच्या स्टेशनामागच्या त्या आवारात उन्हाळाभर काही हलत नसे. पत्र्यांना आणि बाभळीच्या काट्यांना चिकटून राहिलेली रुई तेवढी गरम वाऱ्यावर थरथरायची. आवाराच्या एका टोकाला जिनाच्या इंजिनियरला राहायला दिलेलं तीन खोल्यांचं दगडी घर होतं. तिथे कुमुद, तिचा नवरा दिनकरराव आणि त्यांचा सात महिन्यांचा मुकुंद राहत. कासाबाई सकाळ-संध्याकाळ यायची. धुणं, भांडी, मुकूला न्हाऊ घालणं, आणि बाईला गावातल्या बातम्या पुरवणं ही सगळी तिची कामं.

हैदराबादच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेल्या कुमुदला इथल्या उन्हाळ्याचा त्रास कधी वाटला नाही. हंगामात दिनकरराव इंजिनाचे असत, उन्हाळ्यात तिचे. लग्नापासून तिने मनाशी अशी वाटणी करून टाकली होती. ह्या वर्षी तर मुकू होता. खिडकीला वाळ्याचा पडदा लावायचा, दुपारी पत्ते खेळायचे, उन्हं कलली की मुलाला घेऊन तिघांनी रुळांच्या कडेने लांबवर जायचं, असं तिने कापसाच्या गाड्या मोजता मोजता ठरवून ठेवलं होतं.

आणि मग एप्रिलात मालगाडीच्या उघड्या डब्यातून होडी आली.

होडी आबासाहेबांची. गंगाखेडच्या बाजूला नदीकाठी त्यांचे मळे होते आणि जिनात त्यांचा हिस्सा होता. पुलाचं काम संपवून विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ही शिडाची होडी हौसेने घेतली होती. शीड होतंच, शिवाय पोटात एक लहानसं इंजिन होतं. पण लढाई सुरू झाली, पेट्रोलला परवाना लागायला लागला, आणि इंजिन नुसतंच ओझं होऊन बसलं. निव्वळ शिडावर चालवावी तर मागे पाण्यात बुडालेला पितळेचा पंखा होडीला ओढून धरायचा. तेवढा पंखा शाफ्टवरून उतरवून द्या, आबासाहेबांनी सांगून पाठवलं, इकडे ते काम कोणाला जमत नाही.

"दोन दिवसांचं काम," दिनकरराव म्हणाले. "पंखा झाला तरी शेवटी पुलीच ती. नट काढायचा, पुलर लावायचा, ओढायचा."

दोन दिवस झाले, आठवडा झाला, महिना संपत आला. दिनकरराव सकाळी चहा घेऊन शेडमध्ये जात ते जेवायला बोलवावं तेव्हा येत. जेवताना भाकरीचा तुकडा हातातच राही. मुकूला मांडीवर दिलं तर त्याच्या पोटावर हात ठेवून भिंतीकडे बघत बसत. "अहो, त्याने तुमची बोटं धरली," ती म्हणे. "हो का," ते म्हणत.

ह्याच दिवसांत कुमुदचे केस गळत होते. बाळंतिणीचे गळतातच, असं सगळ्या सांगत. पण मनगटाएवढी वेणी बोटाएवढी झाली की ते ऐकून समाधान होत नाही. फणीतून निघालेलं गुंतवळ ती बोटाभोवती गुंडाळून परसातल्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. बाईने आपले केस वाऱ्यावर टाकू नयेत, कोणाच्या पायी-हाती लागू नयेत. कॉलेजात ह्या गोष्टींना ती हसली होती. आता मात्र ती गुंतवळ जपत होती, कारण वैशाखात चतुराबाई यायची. गळलेले केस स्वच्छ करून, दोऱ्यात ओवून ती त्यांचं गंगावन करून द्यायची, म्हणजे वेणीत मिसळायची जुडी. आपलेच केस पुन्हा आपल्या डोक्यावर. त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं कुमुद स्वतःला सांगायची.

पहिला केस तिला दिनकररावांच्या सदऱ्याच्या खांद्यावर दिसला.

सदरा खुंटीला टांगताना तिने तो चिमटीत धरून उचलला. उचलत गेली. हात डोक्याच्या वर गेला तरी केसाचं टोक फरशीलाच होतं. तिचे स्वतःचे केस गळायच्या आधीसुद्धा कमरेपर्यंतच होते. ती तो केस घेऊन उजेडात गेली. काळाभोर, जाड, आणि ओला. सदरा कोरडा होता. दुपारची झळ अशी होती की धुतलेलं धोतर दोरीवर टाकेपर्यंत वाळत होतं. तिने केस नाकाशी नेला. नागरमोथ्याचा वास आला. न्हाल्यावर बायका केसांना लावतात तो.

ताट वाढताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेडमध्ये कोण कोण असतं हो तुमच्याबरोबर?"

"भुजंग मिस्त्री. आणखी कोण?"

"आणखी कोणी नाही?"

"आणखी होडी," दिनकरराव म्हणाले आणि स्वतःशीच हसले. ते हसणं तिच्या ओळखीचं नव्हतं.

त्यानंतर केस रोजच मिळू लागले. कॉलरच्या आत, खिशात, धोतराच्या निऱ्यांत, एकदा त्यांच्या नखाखाली. कुमुद आवाराच्या फाटकाकडे पाहत बसू लागली. कोण येतं, कोण जातं. गावातली एक भाजीवाली यायची, ती म्हातारी आणि टकली. गवत नेणाऱ्या दोघी यायच्या, त्यांचे केस खांद्याखाली उतरत नव्हते. मुकू मांडीवर दूध पीत असायचा आणि तिची नजर खिडकीच्या गजांतून शेडच्या पत्र्यावर खिळलेली असायची.

एक दिवस कासाबाई धुणं पिळता पिळता म्हणाली, "वैनीबाई, सायबाच्या कपड्याला तुमचे लय केस निघायलेत बगा."

कुमुदचे कान तापले. "मग? काय केलंस त्यांचं?"

"काय करणार? टाकत्यात व्हय कुटं? तुमच्या फटीत खोचून ठिवायले म्या रोजच्या रोज. चतुराबाई आली की कामाला येतील."

ते माझे नव्हेत, असं सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आपले नाहीत म्हटलं की कोणाचे ते सांगावं लागलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या सेलूला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुकूला कडेवर घेऊन ती शेडकडे गेली. चपला बाहेर काढल्या. तापलेल्या मातीवरून अनवाणीच आत शिरली.

होडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. उन्हाने तिच्या फळ्यांना चिरा पडल्या होत्या आणि हिरवा रंग पापडासारखा सुटला होता. मागच्या बाजूला, बुडाखालून निघालेल्या शाफ्टच्या टोकावर तो पंखा होता. तीन पात्यांचा, परातीएवढा, हात लागून लागून लखलखीत झालेला. त्याच्या खालच्या मातीत ओलीचा काळा डाग होता. दिनकरराव गोणपाटावर बसले होते, एका पात्यावर तळवा ठेवून पंखा अगदी सावकाश फिरवत होते, आणि गुणगुणत होते.

कुमुद जागच्या जागी थांबली. मुकूला झोपवताना दोन ओळी गा म्हटलं तर हा माणूस लाजून खोलीबाहेर जायचा.

"या वैनीसाहेब!" कोपऱ्यातून भुजंग मिस्त्री उठला. जिनाचा जुना फिटर, तोंडात कायम सुपारी. "बरं झालं आलात. बगा, सायबांनी दुसरी केली! ही घ्या तुमची सवत. लय हट्टी हाय. नट काढला, घासलेट पाजलं, दिवा लावून तापवली, दोन्ही अंगानं हातोडे घातले. पर नवं सासर सोडंना."

"भुजंग," दिनकरराव म्हणाले, पण रागावून नव्हे.

"केस कसले येतात तुमच्या कपड्यांना?" तिने विचारलं. इतके दिवस धरून ठेवलेला प्रश्न भलत्याच मोठ्या आवाजात बाहेर पडला.

त्यांनी बोट दाखवलं. पंखा आणि होडीचं लाकूड ह्यांच्यामधल्या चार बोटं जागेत शाफ्टभोवती काहीतरी काळं, चकचकीत गुंडाळलेलं होतं. चरख्याच्या चातीवर सूत बसावं तसं, वेढ्याला वेढा लावून. ती वाकली. नागरमोथ्याचा वास आला.

"पाण्यातला गाळ-काडी असा शाफ्टला गुंडाळतोच," दिनकरराव म्हणाले. "रोज कापून साफ करतो. रोज आणखी निघतात. आत लाकडात वर्षानुवर्षं अडकलेले असणार, शाफ्ट फिरवला की बाहेर येतात."

"पण इतके? आणि ओले?"

"ओले कुठले, घासलेट आहे ते. आणि गंगेत काय केसांना तोटा? लोक जावळं सोडतात, आणि..." ते थांबले.

आणि बायकांचे, कुमुदने मनात पुरं केलं. गंगाखेडच्या घाटावर आणून बसवलेल्या, नवरा गेलेल्या बायकांचे.

तिची आत्या पार्वतीबाई सोळा वर्षांची असताना तिला त्याच घाटावर नेलं होतं. कुमुद तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. आत्याचे केस गुडघ्यापर्यंत होते, न्हाली की सगळ्या माजघरात नागरमोथा दरवळायचा. न्हाव्याने कापलेली वेणी कोणीतरी पाण्यात सोडली. ती बुडाली नाही. काळ्या सापासारखी वर वर राहिली आणि आत्या तिच्याकडे बघत राहिली. पुढे कुमुदचं लग्न झालं, त्या दिवशी आत्याला मागच्या खोलीत बसवलं होतं. अक्षता पडत असताना दाराच्या फटीतला एक डोळा कुमुदला दिसला होता. त्या डोळ्यात आशीर्वाद नव्हता. दुसऱ्याच्या ताटाकडे उपाशी माणूस बघतं, तसं काहीतरी होतं. त्याच वर्षी आत्या गेली.

नागरमोथा सगळ्याच बायका लावतात, कुमुदने स्वतःला बजावलं. तिला हसू यायला हवं होतं. बाई नाही, भानगड नाही, एक लाकडाची होडी आणि नदीतला कचरा. पण दिनकररावांनी मघाशी कापलेला एक लांब केस तर्जनीभोवती गुंडाळायला घेतला होता. गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. तिच्या वेणीला त्यांनी शेवटचा हात कधी लावला होता, ते तिला आठवेना.

कडेवरचा मुकू पुढे झेपावला आणि शाफ्टकडे दोन्ही मुठी पसरून हसला. तिने त्याला मागे ओढलं.

"पंखा निघाला की होडी पोचवायला आपण तिघंही जाऊ," दिनकरराव पंख्याकडे बघतच म्हणाले. "मुकूचं जावळही गंगेवर उरकून येऊ."

चतुराबाई आली ती वैशाखातल्या एका कोरड्या, पांढऱ्या दुपारी. सुया, पोत, फण्यांची टोपली ओसरीवर ठेवून तिने पाणी मागितलं. कासाबाईने परसातल्या फटीतून गुंतवळ काढून सुपात आणलं. सूप भरलं.

"अगं माय!" चतुराबाईने दोन्ही हातांनी तो ढीग उचलला. लांब केस तिच्या बोटांमधून निसटून जमिनीपर्यंत लोंबले. "बाई, ह्ये एकल्या डोक्याचे न्हाईत."

कासाबाई भांडी आत न्यायला उठली होती, ती दारातच थबकली. चतुराबाई वर बघत होती.

त्या वेळी कुमुद खरं सांगू शकत होती. ते केस उचलून चुलीत टाक, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण तिला ते गुंडाळणारं बोट दिसलं. ह्या केसांनी त्यांना महिनाभर त्या शेडमध्ये बांधून ठेवलं, मग हेच माझ्या पाठीवर आले तर ते माझ्यापाशी राहतील. हा विचार इतका बारीक आवाजात आला की तो आपला नसेल अशी तिला शंकाही आली नाही.

"माझेच आहेत," ती म्हणाली.

चतुराबाईने केस राखेने चोळले, धुतले, विंचरले, दातात दोरा धरून जुडी वळली. कुमुदला पुढ्यात बसवून तिचे विरळ केस तीन पेडांत घेतले, त्यात गंगावन मिसळलं, आणि गाठ बसवायला एक जोराचा हिसका दिला.

त्याच क्षणी शेडमधून बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. ओसरीवरची कबुतरं उडाली. मुकू दचकून रडायला लागला.

दिनकरराव धावतच आले. हात काळे, चेहरा पोरासारखा उजळलेला. "निघाला! आपोआप निघाला! पुलर ताणून ठेवला होता आणि आम्ही दोघं लांब सावलीत बसलो होतो. कोणी हातसुद्धा लावला नाही. आणि गंमत बघ, शाफ्टवर एक केस नाही. चाटूनपुसून साफ..."

बोलता बोलता त्यांची नजर तिच्या पाठीवर गेली. वाक्य तिथेच राहिलं.

"बगा," कासाबाई पदराआड हसली. "आता सायब घर सोडायचे न्हाईत."

आणि खरंच, दिनकरराव पुन्हा शेडकडे गेले नाहीत. होडी पाठवायची तजवीज भुजंगवर सोपवून ते ओसरीवर तिच्या मागे बसू लागले. वेणीचं टोक हातात घेत. पहिले दोन दिवस कुमुदला जग जिंकल्यासारखं वाटलं. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडताना ती गाणं म्हणायला लागली.

तिसऱ्या दिवशी ती बोलता बोलता वळली, तेव्हा ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. ती उठून समोर बसली, तर ते सरकून पुन्हा मागे आले. न्हायला जाताना तिने गंगावन सोडून खुंटीला लावलं आणि परत आली, तर दिनकरराव खाटेच्या कडेला बसून ती जुडी मांडीवर पसरून सावकाश कुरवाळत होते. गुणगुणत होते. शेडमधलंच ते.

"द्या इकडे," ती म्हणाली. हिसकावूनच घेतली. हातात ती जड लागली, आणि गार. नुकत्याच धुतलेल्यासारखी.

टाकून द्यावी असं वाटलं. पण टाकली की हा माणूस पुन्हा कुठे जाऊन बसेल? तिने ती जुडी केसांत घट्ट गुंफली आणि त्यानंतर काढली नाही. झोपतानासुद्धा नाही.

होडी मालगाडीवर चढवायची त्या दिवशी सकाळी मुकू रडत उठला. अंगावर घेतला, फिरवला, ओवा शेकला, काही केल्या राहीना. चेहरा निळा पडायला लागला. गाडीची वेळ झाली होती, दिनकरराव टोपी घालून दारात उभे.

कासाबाईने पोराला उघडं करून मांडीवर घेतलं आणि डोक्यापासून तपासत खाली आली. "ह्ये बगा! पायाचा आंगठा!"

आंगठा जांभळा होऊन फुगला होता. त्याच्या मुळाशी काळी बारीक रेघ दिसत होती. कुमुदने खाली वाकून पाहिलं. केस होता. वेढ्याला वेढा लावून बसलेला. असे वेढे तिने एकदाच पाहिले होते.

कासाबाईने दिनकररावांचं दाढीचं पातं मागून घेतलं आणि श्वास रोखून एकेक वेढा कापला. थेंबभर रक्त आलं. मुकूने मोठा हुंदका दिला आणि हळूहळू शांत झाला.

"भिऊ नगा," कासाबाई घाम पुसत म्हणाली. "बाळंतिणीचे केस गळत्यात, लेकराच्या बोटात गुततात. माझ्या नातवाला बी असंच झालतं. आज कुटं नेऊ नगा मात्र त्याला."

"नाही नेत," कुमुद म्हणाली. "अहो, तुम्हीही राहा ना."

"होडीबरोबर जायला हवं, भुजंग स्टेशनात थांबलाय," दिनकरराव म्हणाले. जाता जाता त्यांनी तिच्या वेणीवरून हात फिरवला. मुलाच्या आंगठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाडीची शिटी लांब गेल्यावर कुमुद आरशासमोर बसली आणि गंगावन सोडायला लागली.

गाठ सापडेना. जिथे दोरा होता तिथे आता नुसते केस होते. तिचे कुठे संपतात आणि ते कुठे सुरू होतात, बोटांना कळेना.

कासाबाईने खोबरेल चोळलं. फणीचे दात मोडले. सुईने एकेक बट मोकळी करू पाहिली. जेवढं सोडवावं, तेवढं ते मानेकडे घट्ट होत गेलं.

"असं कसं म्हणावं ह्ये," कासाबाई पुटपुटली. "सोडंना की."

दुपट्यावरचा मुकू पालथा झाला. रांगायला अजून येत नव्हतं त्याला. पोटावरून सरकत आला आणि फरशीवर लोळणाऱ्या वेणीचं टोक मुठीत धरून त्याने तोंडात घातलं.

कुमुदने कात्री उचलली.

"बाई!" कासाबाईने तिचं मनगट धरलं. "सवाष्ण हायेस तू! धनी परगावी गेलाय, पाण्यावर गेलाय. आन् तू आपल्या हातानं..."

"सोड."

"कपाळाचं कुंकू आठव गं."

कुमुदने मुलाच्या मुठीकडे पाहिलं. मग हात मागे नेऊन मानेलगत कात्री चालवली. कापताना कच्च्या दोरखंडासारखा आवाज आला. शेवटची बट तुटली, तेव्हा मानेला एकदम गार वारा लागला, आणि घाटावर बसलेल्या आत्याला तेव्हा काय वाटलं असेल ते तिला कळलं.

तिने वेणी उचलून चुलीत घातली. ती जळली. केस जळताना येतो तसाच वास आला, दुसरं काही झालं नाही.

मग ती मुकूला पोटाशी धरून ओसरीवर बसली. गाड्या येत-जात होत्या. प्रत्येक गाडीतून भुजंग एकटाच खाली मान घालून उतरेल असं तिला वाटत होतं. कासाबाई घरी गेली नाही. दाराशी बसून राहिली.

उन्हं उतरता उतरता फाटक वाजलं. दिनकरराव आले. हातीपायी धड, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. कुमुद उभी राहिली. पदर डोक्यावरून घसरला.

ते थांबले. कापलेल्या केसांकडे बघत राहिले, आणि मग कितीतरी दिवसांनी त्यांची नजर तिच्या डोळ्यांशी आली.

"काय केलंस हे?" ते हळूच म्हणाले. रागाने नाही. जवळ येऊन त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. "मडमेसारखी दिसतेस. वाढतील पुन्हा."

ती रडली. हसली. कासाबाई नाक ओढत घरी गेली. कुमुदने पाणी तापवलं, पिठलं टाकलं. दिनकरराव होडीबद्दल सांगत होते. शीड उभारलं, वारा धरला, आणि काय सरळ निघाली म्हणून सांगू! आता तिला मागे ओढणारं काही राहिलं नाही. मुकूचं जावळ तेवढं राहिलं, ते पुढच्या महिन्यात करू. जेवताना त्यांनी दोनदा भाकरी मागून घेतली. कुमुदने त्यांचा सदरा खुंटीला लावण्याआधी उजेडात धरून आतून-बाहेरून पाहिला. एकही केस नव्हता.

ती भांडी आवरत होती. ओसरीवर दिनकररावांनी झोपलेल्या मुकूला मांडीवर घेतलं होतं. किती दिवसांनी घेतलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं.

मग तिला ते गुणगुणणं ऐकू आलं.

ती हात पुसत बाहेर आली. दिनकररावांचे डोळे मिटलेले होते. उजवा हात मुलाच्या डोक्यापाशी होता आणि तर्जनी सावकाश गोल फिरत होती. बोटाभोवती एक लांब काळा केस गुंडाळला जात होता. तिचाच राहिला असेल कुठेतरी कपड्यात, कापताना उडाला असेल.

तिने वाकून तो त्यांच्या बोटावरून सोडवला. ओला होता. दुसरं टोक मुकूच्या मऊ, बोटभर जावळात कुठेतरी अडकलं होतं. ती हलक्या हाताने ओढत गेली. केस ताणला गेला आणि मुकू झोपेतच कळवळला.

तिने दिवा जवळ आणला आणि टाळूवरचं जावळ बोटांनी बाजूला केलं. केस अडकलेला नव्हता. टाळूतूनच उगवलेला होता.